पाटीवर भांडता, पण पत्ता कुणाच्या नावावर आहे?

दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा किती टक्के, यावर आपल्या भागात किती रक्त आटलं हे नव्यानं सांगायला नको. कर्नाटकानं 2024 साली कायदा दुरुस्त केला, पाटीवर 60 टक्के कानडी सक्तीचं झालं, आणि टेप घेऊन अक्षरं मोजण्यापर्यंत गोष्ट आली. त्यावर आपण बोललो, लिहिलं, भांडलो. भांडायलाच हवं होतं.

पण त्याच दुकानाची दुसरी एक पाटी आहे. ती पुण्याचं गिऱ्हाईक बघतं, दुबईतला भाचा बघतो, मुंबईचा घाऊक व्यापारी माल मागवण्याआधी बघतो. तिथं कुणी टेप घेऊन येत नाही. तिच्यावर काय लिहायचं हे शंभर टक्के आपल्या हातात आहे. ती पाटी म्हणजे दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता. आणि त्याबद्दल आपल्या दुकानदाराला विचारा. दहातले सहा म्हणतील, "फेसबुकवर पेज आहे की हो, आणि काय पाहिजे?" तिघे म्हणतील, "ते आमच्या पोराचा मित्र बघतंय." उरलेला एक खिशातून कार्ड काढेल, त्यावर दुकानाचं नाव मराठीत ठसठशीत आणि खाली जीमेलचा पत्ता.

आपलं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग राग यायचा असेल तर येऊ दे. बेळगाव असो, निपाणी असो, म्हापसा, इंदूर, बडोदा नाहीतर हैदराबाद असो, मराठी माणसाच्या धंद्यानं आपलं नाव डॉट इनमध्ये घ्यावं, जोडीला देवनागरीतलं डॉट भारत घ्यावं, आणि दोन्हींच्या कागदावर मालक म्हणून स्वतःचंच नाव असावं. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच आपण सगळ्यात कमी करतो.

डॉट इनच का, ते बघा. आपल्या आयुष्यातल्या जवळजवळ प्रत्येक पत्त्यात कुठलं ना कुठलं राज्य घुसलेलं असतं. गाडीवर केए 22 असतं, इंदूरकराच्या गाडीवर एमपी 09, बडोदेकराच्या जीजे 06. हैदराबादेतल्या आपल्या माणसानं तर एपी पाहिलं, मग टीएस पाहिलं, 2024 पासून टीजी पाहतोय, आणि तो राहतो त्याच गल्लीत. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, वीजबिल, सगळीकडे राज्य. डॉट इनमध्ये राज्य नाही. फक्त देश आहे. तुम्ही बेळगावात बसून मराठी नावाचं डोमेन घेतलं तर ना बेंगळुरूला विचारावं लागतं, ना मुंबईला. ही नावं ज्यांच्याकडं नोंदतात ती निक्सी नावाची दिल्लीतली संस्था 2003 मध्ये स्थापन झाली. तिला तुमच्या गावाच्या वादाशी काही देणंघेणं नाही. ज्या माणसाच्या पत्त्यावर सत्तर वर्षं दोन राज्यं ओढाताण करतायत त्याला याची किंमत कळायला हवी.

आता कुणी म्हणेल, डॉट कॉम सगळ्या जगाचं आहे, ते मोठं दिसतं. ही समजूत कुठून आली ते सांगतो. डॉट इन 1989 पासून आहे, पण पुढची पंधराएक वर्षं ते घेणं म्हणजे सरकारी कचेरीतून दाखला काढण्यातला प्रकार होता. 2004 संपेपर्यंत अख्ख्या देशात जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली होती. 2005 साली नियम मोकळे झाले आणि कुणालाही घेता येऊ लागलं. तोवर ज्यांना वेबसाइट काढायची होती त्यांनी डॉट कॉम घेतलं, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनीही. म्हणजे मोठेपणा वगैरे काही नाही, आपलं दार तेव्हा बंद होतं म्हणून शेजारच्या दारानं गेलो. आता दार उघडून वीस वर्षं झाली.

डॉट कॉम वाईट आहे असं नाही. तुमचं नाव तिथं मोकळं असेल तर तेही घेऊन ठेवा, दुसरा कुणी घेणार नाही. पण आपलं साधं सोपं नाव तिथं बहुधा कधीच गेलेलं असतं. मग आपण काय करतो, पुढं ऑनलाइन लावतो, मागं श्री लावतो, मध्ये दोन आकडे घुसवतो, आणि असा पत्ता तयार करतो की तो फोनवर सांगताना मालकच अडखळतो. तेच नाव डॉट इनमध्ये नुसतं, नीटस मिळायची शक्यता जास्त. नाहीच मिळालं तर डॉट को डॉट इन आहे.

आणि शेपटीवरून माणूस ओळखतात, हे आता रिझर्व्ह बँकही मानते. फसवणुकीला आळा घालायचा म्हणून तिनं सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं, त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. मोठ्या बँकांना तर सांगितलंच, नागरी सहकारी बँकांनाही सांगितलं. म्हणजे गावातल्या सहकारी बँकेचा पत्ताही आता इनवरच संपतो. मिठाईवाल्याचा, सराफाचा, साडीवाल्याचा का नको?

हल्ली नव्या पोरांना दुसरीच हौस. डॉट आयओ, डॉट एआय, डॉट को. ऐकायला झकास. पण ही अक्षरं कुणाची आहेत हे कुणी विचारत नाही. डॉट को कोलंबियाचं, डॉट एआय कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाचं. डॉट आयओ हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताब्यातल्या बेटांचं, आणि ती बेटं मॉरिशसला देण्याचा करार 2025 मध्ये झाल्यापासून त्या दोन अक्षरांचं पुढं काय, याची चर्चा जगभर चालू आहे. देशाच्या नावाचा पत्ता देशाच्या नशिबाला बांधलेला असतो. युगोस्लाव्हिया मोडला तसं त्याचं डॉट वाययूही 2010 मध्ये कायमचं बंद केलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि 1 जानेवारी 2021 ला ब्रिटनमधल्या हजारो लोकांची, धंद्यांची डॉट ईयूवरची नावं स्थगित झाली. त्यांनी पैसे भरले होते. काही चूकही केली नव्हती. रेघ सरकली, बस्स. रेघ सरकल्यावर माणसाचं काय होतं हे दुसऱ्या कुणाला समजवावं लागेल, आपल्याला नाही.

फुकटची नावं वाटणाऱ्यांचं तर बोलूच नका. काही छोट्या देशांची अक्षरं घेऊन एक कंपनी वर्षानुवर्षं फुकट डोमेन वाटत होती. 2023 मध्ये गॅबॉन देशानं आपलं डॉट जीए परत ताब्यात घेतलं आणि लाखो पत्ते एका फटक्यात पुसले गेले.

आता मुद्द्याचं.

बाजारातलं एक जुनं दुकान, नाव सांगत नाही. आजोबांनी सुरू केलेलं, कुंदा घ्यायला पुण्याहून येणारी माणसं वाट वाकडी करून तिथं जातात. सात-आठ वर्षांपूर्वी मालकाच्या पोराच्या एका मित्रानं त्यांना वेबसाइट करून दिली. हौसेनं केली, पैसेही फार घेतले नाहीत. डोमेन त्यानं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्याच नावावर घेतलं. यात लबाडी काही नव्हती, तेव्हा तेच सोपं होतं. मग त्याला बेंगळुरूला नोकरी लागली, ईमेल बदलला, मुदत संपत आल्याच्या सूचना त्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि कुणी वाचल्या नाहीत. मुदत संपली. नाव बाजारात मोकळं झालं, आणि ज्यांचा धंदाच अशी सुटलेली नावं उचलण्याचा आहे अशा कुणीतरी ते उचललं. आज त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसतात. आणि इकडं खोक्यांवर तोच पत्ता छापलेला, गोदामात हजारो खोकी. लोकांनी फोन करून विचारलं, "अहो, तुम्ही पत्त्यांचा अड्डा चालू केलाय काय?" मालक काय सांगणार? त्याला तर डोमेन नावाची वेगळी वस्तू असते हेच माहीत नव्हतं. तो समजत होता, वेबसाइट म्हणजे सगळं एकच.

ते एक नसतं, आणि हे जमिनीच्या भाषेत सांगितलं तर आपल्या माणसाला लगेच कळतं. डोमेन म्हणजे जागा. वेबसाइट म्हणजे त्या जागेवरचं घर. होस्टिंग म्हणजे घर ज्याच्या पायावर उभं आहे तो पाया, आणि तो दुसऱ्याचा, भाड्याचा असतो. घर पाडून नवं बांधता येतं, पाया बदलता येतो. जागा गेली की सगळं गेलं. आणि ही जागासुद्धा कायमची विकत मिळत नाही. एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा असतो, मुदत संपण्याआधी वाढवत राहायचा. जागेचा उतारा असतो तसा डोमेनचाही असतो. त्यावर नोंदणीदार म्हणून ज्याचं नाव आणि ज्याचा ईमेल, तो मालक. पैसे कुणी दिले, दुकान कुणाचं, आजोबा कोण, हे उताऱ्यावर येत नाही. कूळ कसत राहिलं आणि उतारा सावकाराच्या नावावर राहिला, या गोष्टी आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगल्या आहेत. आपण तेच परत करतोय, फक्त शेताच्या जागी वेबसाइट आहे.

म्हणून जे करून देणार आहेत त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. खातं माझ्या ईमेलवर उघडायचं. मोबाइल नंबर माझा टाकायचा. नोंदणीदार म्हणून माझं किंवा माझ्या फर्मचं नाव, जीएसटीच्या कागदावर आहे तसंच. ओळखपत्राची पडताळणी मागितली तर माझंच द्यायचं, तुझं नाही. पासवर्ड माझ्याकडं. तुला काम करायला लागेल तेवढी परवानगी देईन. करून देणारा भला असेल तर यात त्याला राग यायचं कारण नाही, आणि आला तर त्यातच उत्तर आलं. ईमेलही दुकानाच्या डोमेनवरचा नको, बाहेरचा ठेवा, नाहीतर डोमेन बंद पडलं की सूचना जिथं यायची तेच खातं बंद पडतं. पट्टा एकदम पाच वर्षांचा घ्या. पहिलं वर्ष स्वस्त दाखवून दुसऱ्या वर्षी दुप्पट लावणारे पुष्कळ आहेत, तेव्हा घेण्याआधी नूतनीकरणाचा दर विचारा. एवढं करून वर्षाचा खर्च दोनेक किलो कुंद्याच्या आसपास बसतो.

आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर? तोपर्यंत भांडण करू नका, गोडीनं मागा. रजिस्ट्रार बदलताना एक गुप्त संकेत लागतो, तो त्या खात्यातूनच मिळतो. तो मिळाला की नाव आपल्या खात्यात आणता येतं. माणूस गावात आहे, फोन उचलतो आहे, तोवरच हे काम सोपं.

डॉट भारतकडं येतो, कारण इथंच आपल्या पानावरच्या वाचकांना सांगण्यासारखं जास्त आहे.

देवनागरीतलं डॉट भारत 27 ऑगस्ट 2014 ला सुरू झालं. हिंदी, बोडो, डोगरी, कोंकणी, मैथिली, मराठी, नेपाळी आणि सिंधी, अशा आठ भाषांसाठी. म्हणजे मराठीला आपल्या लिपीत पत्ता मिळून दहा वर्षं उलटून गेली. 2021 मध्ये तर डॉट इन घेणाऱ्याला निक्सीनं भारतीय भाषेतलं एक नाव फुकट देऊ केलं होतं. आपल्यातल्या किती जणांनी घेतलं? पाटीसाठी मोर्चाला आलेल्यांपैकी किती जणांना हे माहीत तरी आहे?

आणि ही नुसती भावनेची गोष्ट नाही. रोमन अक्षरांत आपलं नाव बसतच नाही. ळ घ्या. काळे आणि काले रोमनमध्ये एकच, आणि परदेशी माणसाला ते वाचून एक पालेभाजी आठवते. चौगुले हे एकच आडनाव, पण त्याचं रोमन स्पेलिंग कोल्हापुरात एक, आमच्याकडं दुसरं, गोव्यात तिसरं. गोव्यातल्या जुन्या कागदांत नाईक पोर्तुगीज पद्धतीनं क्यू, यू, ई लावून संपतो, शेट एक्सनं सुरू होतो. मग वेबसाइटला कुठलं स्पेलिंग घ्यायचं यावर भावाभावांत वाद. गावाच्या नावाचं तर विचारूच नका. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारनं बेळगावचं इंग्रजी नाव बदललं, आणि ज्यांनी दुकानाच्या पत्त्यात जुनं स्पेलिंग घेतलं होतं ते सगळे एका रात्रीत जुने झाले. काहींनी घाईनं नवं घेतलं, काहींनी हट्टानं जुनं ठेवलं. देवनागरीत बेळगाव बेळगावच होतं, आहे.

उत्तरेकडं गेलेल्या आपल्या लोकांचं दुखणं आणखी वेगळं. तिथं लिपी आपलीच, पण ळ गळून पडला. इंदुरात होळकरांचे होलकर झाले, टिळकांचे तिलक झाले. शाळेच्या पाटीवर, चौकाच्या नावावर तुमचं काही चालत नाही, मान्य. पण डॉट भारतच्या आधीचं नाव तुम्ही लिहिता. तिथं ळ लिहा की.

आता अडचणी लपवणार नाही. देवनागरी पत्ता संगणक पोटात वेगळ्याच रूपात ठेवतो. एक्सएन, मग दोन आडव्या रेघा, मग अगम्य रोमन अक्षरं. कधी पत्ता कॉपी करून चिकटवला तर तेच ध्यान समोर येतं. कधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पत्ता निळा होत नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. देवनागरी ईमेल तर अनेक सरकारी अर्जांतसुद्धा चालत नाही. स्वतः सरकारनं पत्ता विकायचा आणि सरकारच्याच अर्जानं तो चुकीचा म्हणून परत करायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. राजस्थान सरकारनं 2017 साली आपल्या लोकांना राजस्थान डॉट भारतवर हिंदी ईमेल देऊ केला होता. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

आपल्या बाजूचीही एक अडचण. बेळगाव आणि बेळगांव, अनुस्वारानं दोन पत्ते होतात. पाटील आणि पाटिल हेही दोन. संगणकाला शुद्धलेखन कळत नाही, त्याला फक्त वेगळं अक्षर कळतं. तेव्हा दुकानाच्या पाटीवर आहे तेच लिहा, आणि लोक ज्या चुकीनं हटकून लिहितात ते दुसरं रूपही घेऊन ठेवा.

म्हणूनच जे कडवे मित्र म्हणतात की फक्त डॉट भारत घ्या, इंग्रजी अक्षराला हात लावू नका, त्यांच्याशी मी सहमत नाही. ते भाषण झालं, दुकान नाही. डॉट इन हा कामाचा पत्ता ठेवा आणि डॉट भारत त्याच वेबसाइटकडं वळवून द्या. एकाच घराला दोन दारं. खोक्यावर, पिशवीवर, बिलावर मराठी पत्ता मोठा छापा, शेजारी क्यूआर छापा. "देवनागरी टाइप कोण करतंय की?" हा प्रश्न त्या चौकोनानं मिटतो, कारण आता रोमनसुद्धा कुणी टाइप करत नाही. आणि गिऱ्हाईक कानडी असेल तर कानडी लिपीतही भारताच्या नावाचा पत्ता मिळतो, तोही घ्या. आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या 22 भाषांची सोय आहे. कुणी सक्ती करत नसताना शेजाऱ्याच्या भाषेत दार उघडणं यात आपलं काही जात नाही. वाकडं सक्तीशी आहे, कानडीशी नाही.

इथं कुणीतरी म्हणेलच, डॉट मराठी का नाही? कातालान भाषेला 2005 मध्ये डॉट कॅट मंजूर झालं, वेल्स आणि बास्क लोकांनीही आपापली शेपटी मिळवली. खरंय. पण नव्या शेपटीसाठी 2026 च्या फेरीत अर्जाचं मूळ शुल्कच 2,27,000 डॉलर आहे. ज्यांच्याकडं एवढे पैसे आणि सत्ता आहे त्यांनी तो विचार करावा. दुकानदारानं त्याची वाट बघत बसू नये.

राहिला प्रश्न नाव चोरीला जाण्याचा. कोर्ट अगदीच बेफिकीर नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 1999 मध्ये याहूच्या नावापुढं इंडिया जोडून धंदा करणाऱ्याला रोखलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळतं असं मान्य केलं. डॉट इनसाठी निक्सीची लवादाची पद्धतही आहे. पण तिथं सिद्ध काय करायचं? तुमचा ट्रेडमार्क किंवा नावावरचा हक्क, समोरच्याचा त्यावर काही हक्क नाही हे, आणि त्याचा वाईट हेतू. तीन पिढ्यांची पुण्याई मनातल्या मनात असून चालत नाही, कागद लागतो. जुनी बिलं, दुकानाचा परवाना, जाहिरातींची कात्रणं जपून ठेवा. ट्रेडमार्क नोंदवताना मराठी अक्षरांतलं नावही नोंदवा. त्या कुंदेवाल्यांकडं यातलं काहीच हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी शेवटी वेगळं नाव घेतलं आणि गोदामातल्या खोक्यांवर चिकटपट्ट्या मारल्या.

या वर्षी गणेश मंडळांचे अहवाल छापायला जातील, त्यात आपल्याच दुकानदारांच्या पानभर जाहिराती असतात. मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. जाहिरात घ्यायला जाल तेव्हा वर्गणीच्या पावतीबरोबर एवढं विचारा, "मालक, डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे, आणि मुदत कधी संपते?" उत्तर येईपर्यंत काउंटरवरनं हलू नका. चहा मागवतील ते.